अ‍ॅनिमेचा आर्क रखडला की काय करायचं: स्लो लोकलवाल्याची गाईड

कांजूरला फास्ट थांबत नाही, त्यामुळे मी गेली सहा वर्षं रोज स्लो लोकलने सीएसएमटीला जातो आणि रखडण्याच्या बाबतीत माझा अनुभव दांडगा आहे असं म्हणायला हरकत नाही. ज्यांनी हा प्रवास केलाय त्यांना माहितीये, खरा त्रास सायन-माटुंग्याला नसतो, तो मस्जिद सोडल्यावर असतो, समोर सीएसएमटी दिसतंय, लोक दारात बॅगा लावून उभे आहेत आणि गाडी थांबते. प्लॅटफॉर्म मोकळा नाही. पाच मिनिटं, सात मिनिटं, कोणालाच काही कळत नाही.

वन पीस या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेचा ड्रेसरोझा आर्क (गोष्टीतला एक मोठा टप्पा) म्हणजे हेच, फक्त ११८ एपिसोड.

६२९ ते ७४६. जपानमधे हा जानेवारी २०१४ ला सुरू झाला आणि संपायला जून २०१६ उजाडला. ज्यांनी दर रविवारी एकेक करून बघितला ते लोक कुठल्या मातीचे बनलेत देव जाणे. मी जाताना एक येताना एक असं करून तीन महिन्यांत संपवला आणि त्यातही दोनदा सोडला होता. आता माझा मामेभाऊ तिथेच अडकलाय, रोज रात्री मेसेज करतो की दादा हे पुढे कधी सरकणार, म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून टाकू, त्यालाही आणि बाकीच्यांनाही. (मोठे स्पॉयलर नाहीत, पण एपिसोड नंबर आणि कुठे काय भारी आहे एवढं येईल, तेवढंही नको असेल तर इथेच उतरा.)

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण नव्वद टक्के लोक इथेच गोंधळ घालतात. तुम्ही वैतागलाय ते फिलरमुळे की पेसिंगमुळे? हे दोन वेगळे आजार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. फिलर म्हणजे मांगामधे (ज्या जपानी कॉमिकवरून अ‍ॅनिमे बनतो त्यात) नसलेली गोष्ट, स्टुडिओने स्वतःच्या मनाने घातलेली, ताटात कोणी न मागितलेली भाजी वाढावी तशी. ती बाजूला सारता येते. पेसिंगचा प्रॉब्लेम म्हणजे आमटी तीच आहे पण पाहुणे वाढले म्हणून तिच्यात तांब्याभर पाणी ओतलंय. आता त्यातलं पाणी वेगळं काढून दाखवा बघू. ड्रेसरोझामधे फिलर जवळजवळ नाहीच, सगळं मांगामधलंच आहे, पण १०२ चॅप्टरचे ११८ एपिसोड केलेत. एका चॅप्टरला साधारण १७ पानं असतात, ती मला वाचायला सहा-सात मिनिटं लागतात, आणि त्यातून २४ मिनिटांचा एपिसोड काढायचा म्हटल्यावर काय होणार? हिरो लुफी पळतोय. लुफीला पळताना बघून कोलोसियममधल्या एकेका योद्ध्याचं तोंड उघडं. परत लुफी पळतोय. मामेभाऊ 'ड्रेसरोझा फिलर लिस्ट' शोधत बसला होता दोन दिवस आणि यादीत काहीच सापडत नाही म्हणून अजून चिडला. सापडेल कसं, नाहीच्चे.

हे का करतात तेही थोडक्यात सांगतो म्हणजे उगाच कोणाला शिव्या घालायला नकोत. मांगा दर आठवड्याला एक चॅप्टर येतो, अ‍ॅनिमेही दर आठवड्याला एक, आणि अ‍ॅनिमे साहजिकच मांगाच्या मागोमाग पोचतो. टीव्हीवरचा स्लॉट रिकामा ठेवायचा नसतो, सोडला की गेला. मग दोनच रस्ते उरतात, एक तर मधे नवीनच गोष्ट घाला (नारुतो आणि ब्लीचने हे केलं) किंवा आहे तेच ताणा (वन पीस). आपल्याकडच्या रोजच्या मालिका काय वेगळं करतात? सुनेने दार उघडलं की घरातल्या सात जणांच्या चेहऱ्यावर तीन तीन वेळा झूम. हल्ली बरेच अ‍ॅनिमे बारा-तेरा एपिसोड करून थांबतात आणि वर्षा-दोन वर्षांनी परत येतात, त्यामुळे नवीन पोरांना हा त्रास माहीतच नाही, ते जुनं काही लावतात आणि त्यांना वाटतं आपलं नेट हँग झालंय.

तर आता उपाय. आधी फिलरचं, कारण ते सोपंय.

कुठलीही लांबलचक सिरीज चालू करायच्या आधी तिची फिलर लिस्ट बघून घ्या, नेटवर प्रत्येक मोठ्या सिरीजची आहे. पण एक करा, यादी तुम्ही स्वतः उघडू नका. जो ती सिरीज बघून बसलाय अशा मित्राला सांगा आणि त्याच्याकडून फक्त नंबर घ्या. कारण यादीत एपिसोडची नावं असतात आणि जपानी लोक नावातच सगळं सांगून टाकतात, वन पीस तर याबाबतीत पापी आहे. मी कुर्ल्याला उभा असताना 'अजून किती फिलर उरलेत' बघायला यादी उघडली आणि ज्या मरणाची वाट मी चाळीस एपिसोड बघत होतो ते मरण तिथे यादीत छापलेलं, एपिसोड नंबरसकट. शेजारच्या काकांनी विचारलं, काय रे, बरं वाटत नाहीये का.

नंबर मिळाले की मोबाईलच्या नोट्समधे टाका. नारुतोचे सोपे आहेत: पहिल्या सिरीजमधे २२० एपिसोड, त्यातला १३५ संपला की १३६ पासून शेवटपर्यंत, मधला एखादा तुकडा सोडला तर, फिलरच फिलर. म्हणजे साधारण ८५ एपिसोड. माझ्या पिढीतल्या कित्येकांनी नारुतो इथेच सोडला आणि आजही सांगतात की पुढे बोअर झालं रे, अरे पुढे तुम्ही गेलातच कुठे! १३५ नंतर सरळ शिप्पुडेन (नारुतोची पुढची सिरीज) लावा, काहीही बिघडत नाही. ब्लीचमधे सोल सोसायटी आर्क ६३ ला संपतो आणि लगेच ६४ ते १०९ बाऊंट आर्क, तो सोडा. मग १६८ ते १८९, हा जास्त डोक्यात जातो कारण इकडे एवढी हाणामारी ऐन रंगात आलेली आणि अचानक एक नवीन कॅप्टन येतो आणि बावीस एपिसोड त्याचीच कहाणी. शिप्पुडेनमधे तर युद्धाचा कळस आलाय आणि ४३२ ते ४५० कुणाच्यातरी स्वप्नातली गोष्ट चालू. लग्नात अंतरपाट धरलाय, मंगलाष्टकं संपत आलीत आणि भटजी म्हणतात जरा चहा घेऊन येतो, तसं.

यादी हाताशी नसेल तर फिलर ओळखायचा कसा? सवयीने कळतं. अचानक कुठलंतरी नवीन गाव, तिथे एक राजकन्या किंवा रुसलेलं पोरगं, एक व्हिलन ज्याचं नाव कोणी आधी घेतलं नाही, आणि शेवटी सगळे जिथून निघाले तिथेच परत, कोणाच्या अंगावर ओरखडा नाही, पुढे त्या गावाचं कोणी नावही काढत नाही. चित्रंही जरा ढिली दिसतात. आणि फ्लॅशबॅक! नारुतो लहान असताना झाडाच्या झोक्यावर एकटा बसलाय हे मी इतक्या वेळा बघितलंय की तो झोका मला आमच्या सोसायटीतला वाटायला लागलाय.

पण थांबा, फिलर दिसला की उडवला असंही करू नका, ही माझी तक्रार त्या लिस्टवाल्यांबद्दल आहे. फिलर म्हणजे कचरा हे खरं नाही. नारुतोचा १०१ वा एपिसोड, ज्यात नारुतो आणि त्याचे दोन साथीदार मिळून त्यांच्या काकाशी सरांच्या मास्कमागचा चेहरा बघायच्या मागे लागतात, तो फिलर आहे आणि मी तो पाच-सहा वेळा बघितलाय. शिप्पुडेनमधले ३४९ ते ३६१, काकाशीचे अ‍ॅनबू या गुप्त तुकडीतले दिवस, हे मी यादीत फिलर बघून उडवले होते आणि नंतर एका मित्राने अक्षरशः शिव्या घालून बघायला लावले, त्यात इताचीचंही बरंच काही आहे. वन पीसमधे स्कायपियानंतर १९६ ते २०६ जी-८ आर्क, आकाशातून जहाज पडतं ते थेट नेव्हीच्या बेसमधे, हा तर मला काही खऱ्या आर्कपेक्षा भारी वाटतो. आणि ड्रॅगन बॉल झेडमधे गोकू आणि पिक्कोलो ड्रायव्हिंग लायसन काढायला जातात तो १२५ वा एपिसोड, तो कोणी स्किप केला तर माझ्याशी बोलू नका. म्हणून मित्राला नंबर विचारताना दोन याद्या मागा, एक सोडायची आणि एक फिलर असूनही बघायची.

आता मुख्य दुखणं, पाणी घातलेली आमटी.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे एपिसोडची रचना समजून घेणं. वन पीसमधे त्या काळात ओपनिंगच अडीच मिनिटांचं, मग मागच्या भागात काय झालं ते, मग मागच्या भागाचा शेवटचा सीन जसाच्या तसा. मी कांजूरला एपिसोड लावायचो आणि नवीन काहीतरी दिसेपर्यंत घाटकोपर यायला यायचं. मग मी सरळ पाचव्या मिनिटावर बोट ठेवून चालू करायला लागलो, फार फार तर दहा सेकंद मागे यावं लागतं. शेवटी पुढच्या भागाची झलक येते ती कधीही बघू नका, त्यात पुढच्या भागातली एकमेव महत्त्वाची गोष्ट दाखवून टाकतात. एवढं केलं तरी एका एपिसोडमागे सहा-सात मिनिटं वाचतात, दादरपर्यंत एक होत होता तिथे मस्जिदपर्यंत दोन व्हायला लागले.

स्पीड वाढवायचा का? वाढवा पण सव्वाच्या वर जाऊ नका. दीड पटीवर सबटायटल डोळ्यांना झेपत नाहीत, आणि आवाजाची वाट लागते ती वेगळी. आणि लढाई चालू झाली की परत नॉर्मलला या. माझा एक मित्र सगळं दुप्पट स्पीडने बघतो आणि मग म्हणतो इमोशनल सीनला काही वाटलंच नाही. वाटेल कसं रे, सगळे खारीसारखे बोलतायत.

यापेक्षा चांगली युक्ती मला आमच्या आईने शिकवली, तिला माहीतही नाही. रात्री आठची तिची मालिका लागते तेव्हा ती ओट्यापाशी पोळ्या लाटत असते, टीव्हीकडे पाठ. एकदा विचारलं, आई बघत नाहीस तर लावतेस कशाला? तर म्हणते, "ऐकतेय ना. काही होणार असलं की आधी म्युझिक वाजतं." आणि खरंच, दहा मिनिटं तव्यावरून नजर हलली नाही, मग ढँऽऽ झालं तशी लाटणं हातात घेऊन वळली, सून जिन्यावरून घसरलेली बघितली, "पडली एकदाची" म्हणाली आणि परत पोळी. एक सीनही चुकला नाही तिचा.

जपानी ऐकून आपल्याला कळत नाही हा लोचा आहे, त्यामुळे हिंदी डब मिळत असेल तर (नारुतोचा आहे) रखडलेले एपिसोड कामं करता करता लावा, कपड्यांच्या घड्या घाला, कांदा चिरा, आणि म्युझिक बदललं की मान वर करा. सबटायटलवाल्यांनी उलटं करायचं: दहा-दहा सेकंद पुढे ढकलत जा आणि फक्त सबटायटल वाचा, चेहरे तेच असतील तर पुढे, कोणी नवीन बोललं की थांबा. हे शिकायला आठवडा जातो, मग बोटाला आपोआप कळतं.

आठवड्याला एक असं बघत असाल तर ते आधी बंद करा. ताणलेला आर्क एकेक करून बघणं म्हणजे स्वतःला शिक्षा आहे. दहा-बारा साठू द्या, रविवारी दुपारी जेवून झालं की सलग लावा. तोच एपिसोड जो एकटा बघून डोकं फिरतं तो सलगमधे चालून जातो, कारण 'आज काहीच झालं नाही' ही भावना येईपर्यंत पुढचा चालू झालेला असतो. ड्रॅगन बॉल झेडमधे व्हिलन फ्रीझा म्हणतो नामेक ग्रह पाच मिनिटांत फुटणार आणि ती पाच मिनिटं जवळपास दहा एपिसोड चालतात. लहानपणी ते रोज शाळेतून आल्यावर एकेक करून बघितलेले लोक अजून त्यातून सावरलेले नाहीत.

झेडवरून आठवलं, काही सिरीजची बनवणाऱ्यांनीच काटछाट केलेली आवृत्ती असते, ती आधी शोधा. ड्रॅगन बॉल काई २००९ मधे आली ती यासाठीच, झेडमधे फ्रीझाचा भाग १०७ ला संपतो, काईमधे ५४ ला. निम्मा! आणि काही महत्त्वाचं गेलंय असं मला तरी वाटलं नाही (ते लायसनचं प्रकरण मात्र गेलं, ते वेगळं बघा). वन पीसच्या फिशमॅन आयलंडचंही असंच झालंय, मूळ पन्नासच्या वर एपिसोड होते, ऑक्टोबर २०२४ ते एप्रिल २०२५ वन पीसने सुट्टी घेतली त्या दरम्यान ते २१ मधे बसवून परत दाखवले. म्हणजे कात्री चालवता येत होती, इतकी वर्षं चालवली नाही एवढंच. आता तर २०२६ पासून वर्षाला जास्तीत जास्त २६ एपिसोड करणार असं तोएईने, म्हणजे वन पीस बनवणाऱ्या स्टुडिओनेच, जाहीर केलंय, उशिरा का होईना सुचलं. बाकी फॅन लोकांनी एडिट केलेलं वन पेसही आहे, त्यात ड्रेसरोझासुद्धा बराच आटोपशीर होतो, पण ते ऑफिशियल नाही त्यामुळे ते तुमचं तुम्ही ठरवा.

आणि यातलं काहीच जमत नसेल तर रामबाण उपाय, मांगावर या. लोक याला घाबरतात, म्हणतात वाचायची सवय नाही. अहो सहा मिनिटांचं काम आहे. ड्रेसरोझा ७०० व्या चॅप्टरला चालू होतो, ८०१ ला संपतो. तुम्ही ज्या एपिसोडला अडकलाय तो कुठल्या चॅप्टरमधे येतो ते फॅन विकीवर त्या एपिसोडच्या पानावर लिहिलेलं असतं (खाली स्क्रोल करू नका, तिथे गोष्ट लिहिलेली असते, परत माझ्या कुर्ल्यासारखं होईल). तिथून दोन चॅप्टर मागे जाऊन वाचायला घ्या, एकदम पुढच्यापासून घेतलं तर चेहरे ओळखायला वेळ जातो. उजवीकडून डावीकडे वाचायचं, पहिले दोन दिवस डायलॉग उलटे वाचाल, हसाल, मग बसतं. मांगा प्लस किंवा शोनेन जंपचं अ‍ॅप दोन्ही आपल्याकडे चालतात, फुकट काय आणि पैसे काय ते आत जाऊन बघा. पुस्तक हातात हवं असेल तर ७० ते ८० हे खंड, पण लोकलच्या गर्दीत एका हाताने वर कडी धरून दुसऱ्या हाताने पान उलटायचं म्हणजे सर्कस, गाडीत मोबाईलच बरा. कांजूर ते दादर चार चॅप्टर आरामात. तीन महिने ज्यात गेले ते मी नंतर परत वाचलं तेव्हा तेरा-चौदा दिवसांत झालं आणि तेव्हा कळलं की गोष्ट मुळात केवढी भन्नाट आहे, आपण उगाच मांगा लिहिणाऱ्या ओडा सेन्सेईंना बोल लावत होतो.

फक्त मांगा वाचून अ‍ॅनिमे कायमचा सोडू नका. मोठे एपिसोड बघायला परत या. ड्रेसरोझात ७२६ आणि ७३३, हे दोन तरी मोठ्या स्क्रीनवर, आवाज मोठा करून. वानो आर्कही लांबण लावतो, पण १०१५ बघा आणि मग ऑगस्ट २०२३ मधे आलेला १०७१ बघा, पानावर जे आहे त्याच्या चौपट करून दाखवलंय. म्हणजे जे पाणी घालतात तेच कधीतरी असं तूप सोडतात की मागचं सगळं माफ. मामेभावाला मी हाच प्लॅन दिलाय: आत्ता जिथे आहेस तिथून मांगा, ७८३ व्या चॅप्टरला थांब, मग अ‍ॅनिमे ७२६ ते ७३३, मग परत मांगा. त्याचा रिप्लाय आला, "दादा एवढं तर बारावीला पण प्लॅनिंग केलं नव्हतं."

एक शेवटचं, ज्यांनी मधेच सोडून दिलंय आणि आता वर्षभराने परत चालू करायचंय त्यांच्यासाठी. पहिल्यापासून परत लावू नका, त्याच भिंतीवर परत आपटाल. जिथे सोडलं तिथून दोन एपिसोड मागे जा आणि या वेळी पाचव्या मिनिटावर उडी मारू नका, ओपनिंग, मागच्या भागातलं सगळं, जुना सीन, पूर्ण बघा. कोण कोण होतं, कोण कोणाच्या मागे पळत होतं, काहीच आठवत नसतं तेव्हा ती पहिली पाच मिनिटं सोन्यासारखी वाटतात.